आमच्याकडे वेड राहतो

किस्से कोणी जमवायला जात नाही, ते आपोआप साठतात. आमच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर आहे. पार्सलबरोबर आलेल्या मिरचीच्या सॉसच्या पुड्या त्यात पडून असतात. मी एकही मागून घेतलेली नाही, तरी आता तो ड्रॉवर बंद होत नाही. वेडच्या किश्शांचं तसंच झालंय. कोणीही जेवायला आलं की श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "मीनल, तो कुकरचा सांग." मी सांगायला लागते. मग तोच मध्ये म्हणतो, "असं नव्हतं झालं!" म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. लिहिताना श्रीरंगला मध्ये बोलता येत नाही.

तर, आम्ही सिंगापुरात बुओना व्हिस्टाला राहतो. मी जवळच्याच वन-नॉर्थ भागात एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे. श्रीरंग तिथूनच दोन इमारती पलीकडे एका संशोधन संस्थेत आहे. आमची इरा नऊ वर्षांची. ती इंग्लिश शाळेत जाते आणि तिथून सिंग्लिश, म्हणजे वाक्यावाक्याला 'लाह' जोडलेली इथली इंग्रजी, घेऊन घरी येते.

मागच्या वर्षी श्रीरंगच्या इमारतीत एक अमेरिकन मुलगा पीएचडीला आला. नेब्रास्काचा. घराच्या चारही बाजूंना मका. हा भाताच्या मुळांवर संशोधन करायला निघाला आणि आला कुठे, तर सिंगापूरला! इथे भाताचं शेत औषधालाही सापडायचं नाही. त्याला राहायला खोली हवी होती, आमची एक खोली रिकामी होती. श्रीरंगने मला न विचारता हो म्हटलं. तो किस्सा मी लिहिणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिल्या वर्षाच्या शेवटी या मुलाची तोंडी परीक्षा होती. पास झाला तर पुढची वर्षं इथे. नापास झाला तर सरळ घरी, दुसरी संधी नाही. आणि घरी जाण्याची त्याला धास्तीच होती. निघताना अख्ख्या गावाने त्याला चर्चच्या हॉलमध्ये जेवण दिलं होतं. सिंगापूर म्हणजे सिंहाचं गाव, म्हणून मावशीने सिंहाच्या आकाराचा केक केला होता.

"परत गेलो," तो पहिल्याच आठवड्यात आम्हाला म्हणाला, "तर तीच माणसं त्याच हॉलमध्ये पुन्हा जेवण देतील. आणि काय झालं म्हणून कोणी विचारणारही नाही. ते फार भयंकर असेल."

पुण्यात सगळ्यांनी विचारलं असतं. तेही भयंकरच असतं. मला मुलगा तिथेच आवडला.

(तो बोलतो इंग्रजी. मी आपलं मराठीत लिहितेय.)

\*

त्याचं नाव वेड. खरंच! आईवडिलांनी ठेवलेलं. त्यांच्याकडे हे अगदी साधं, चारचौघांसारखं नाव आहे म्हणे.

माझ्या सासूबाई पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करतात. पहिल्याच दिवशी त्यांना पडद्यावर मागून कोणीतरी उंच जाताना दिसलं.

"कोण गं ते?"

"अहो आई, हा वेड."

"असं बोलू नये गं. त्याला कळलं तर?"

"अहो, नाव आहे त्याचं!"

"नाव?" त्या फोनच्या जवळ आल्या. मग हलक्या आवाजात, "बरं, आडनाव काय?"

आडनावाने तरी सावरून घेतलं असेल, अशी त्यांना आशा होती.

खरी पंचाईत पुढेच झाली. मराठी घरात हा शब्द दिवसातून किती वेळा येतो, हे मला तेव्हा कळलं. "इरा, वेड लागलंय का तुला, सोफ्यावर बूट?" की खोलीचं दार उघडायचं. "येस?" "या क्लायंटने मला वेड लागायची पाळी आणलीय!" पुन्हा दार. "येस, मीनल?" बिचारा दरवेळी पेन हातात घेऊन यायचा.

मग श्रीरंगने फर्मान काढलं, घरात हा शब्द बंद. आम्ही डोकं फिरलं, खूळ भरलं, भ्रमिष्ट झालास का, असे बाकीचे शब्द वापरायला लागलो. इरालाही सवय झाली. घर शांत झालं.

आठवड्याने वेड जेवताना मान खाली घालून म्हणाला, "एक विचारू? पूर्वी तुम्ही माझ्याबद्दल खूप बोलायचात. आता कोणी माझं नावही काढत नाही. माझं काही चुकलं का?"

\*

त्यांच्या लॅबच्या इमारतीखाली एक सिक्युरिटी अंकल बसतात. साठीचे, चिनी, बोलके. जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतात, "ईटन ऑलरेडी?" आपण नाही का जाता जाता "काय, जेवण झालं?" म्हणत? उत्तर कोणी ऐकत नाही, देणाराही पुढे गेलेला असतो.

वेड थांबला. "नाही," म्हणाला. "तुम्ही?"

"नो लाह, लेटर."

वेडच्या गावात कोणी जेवणाचा विषय काढला, तर त्याला काहीतरी कारण असतं. त्याने विचार केला, की हा म्हातारा माणूस रोज मला जेवणाचं विचारतो आणि स्वतः मात्र उपाशी असतो. विषय कसा काढावा, हे बिचाऱ्याला कळत नाहीये. दुसऱ्या दिवसापासून हा हॉकर सेंटरवरून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून, येताना चिकन राइसचं एक जास्तीचं पार्सल आणायला लागला. अंकलच्या टेबलावर ठेवायचं आणि त्यांना संकोच वाटू नये म्हणून काही न बोलता निघून जायचं!

शेवटी अंकलनी श्रीरंगला लिफ्टपाशी गाठलं. "सर, युवर अंगमो फ्रेंड, व्हेरी गुड हार्ट." अंगमो म्हणजे गोरा. मग इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "बट प्लीज टेल हिम, आय गॉट डायबेटिस."

\*

हा छोटा आहे.

नेब्रास्कात गुडघाभर बर्फ पडतो. त्यात वाढलेल्या या मुलाने सिंगापुरातून आईला फोन करून स्वेटर मागवला. लॅबमधला एसी! तो कोणालाच कमी करता येत नाही. रिमोट कुठे आहे, हेही कोणाला माहीत नाही.

आईने ग्लोब फिरवून बघितला असावा. फोनवर म्हणाली, "वेड, तुझे बाबा इथे नाहीयेत. खरं सांग. तू नक्की कुठे आहेस?"

\*

आता कुकरचा.

एका शनिवारी मला ऑफिसला जावं लागलं. श्रीरंग इराला पोहायला घेऊन गेला होता. घरी वेड एकटा. मी डाळ-भाताचा कुकर लावून निघाले आणि त्याला सांगितलं, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर." बस. यात अवघड काय आहे?

क्लायंट समोर बसलेला. माझा फोन वाजला. "पहिली शिट्टी झाली. पण अशक्त होती. धरायची का?"

मी टेबलाखालून लिहिलं, "धर."

"दुसरी मध्येच थांबली. अर्धी धरू का?"

मी उत्तर दिलं नाही. क्लायंट बजेटवर आला होता.

"मीनल, तिसरी माझ्या मते दुसरीचाच उरलेला भाग आहे. शेजारच्या घरातही एक झाली. ती मी धरलेली नाही."

घरी आले तर गॅस बंद, डाळ छान शिजलेली. वेड कुकरपासून चार हात लांब खुर्ची टाकून बसलेला, डोळ्यांवर लॅबचा चष्मा.

मी हे रंगवून सासूबाईंना सांगितलं. त्या हसून हसून दमल्या. "चाळीस वर्षं कुकर लावतेय, पण अर्धी शिट्टी? कमाल आहे बाई या मुलाची!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. आवाज गंभीर. "मीनल, अगं, आपल्याही कुकरला अर्धी येते."

\*

वेडला मराठी शिकायची हौस आली. आम्हाला वेळ नव्हता, तेव्हा मास्तरीण झाली इरा. तिला एवढा मोठा विद्यार्थी कुठून मिळणार? रोज शाळेतून आली की ती त्याला चार वाक्यं द्यायची. तो ती पाठ करायचा. आम्हीही कौतुकाने बघत होतो, पण कान देऊन कोणीच ऐकत नव्हतं.

दिवाळीत बुकित तिमाहला देसाईकाकूंच्या कॉन्डोत फराळ होता. तीसेक माणसं, सगळी पुण्या-मुंबईची, पैठण्या आणि झब्बे. त्यात हा सहा फूट दोन इंचांचा, सोनेरी दाढीचा मुलगा हात जोडून आत शिरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नमस्कार काकू! मी आले!"

काकूंच्या हातातली चकली हातातच राहिली.

"बस हं बाळा," त्या म्हणाल्या. "दमलास का?"

"नाही, मी दमले नाही! मी चालत आले!"

सगळी बैठक हसून लोळली. वेडलाही आनंद झाला, त्याला वाटलं विनोद जमला. देसाईकाका तर त्याला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होते. हा "मी जेवले", "मी खूश झाले" करत सुटला होता. मी कोपऱ्यात शंकरपाळे खात बसले. ओळख दाखवायची हिंमत होत नव्हती.

घरी आल्यावर श्रीरंगने त्याला समोर बसवून धडा दिला. पुरुषाने आलो म्हणायचं, गेलो, जेवलो, दमलो. वेडने ते मनावर घेतलं. दारातून आत येताना "आलो!", जेवणावरून उठताना "जेवलो!" इतकं मोठ्याने, की खालच्या मजल्यालाही त्याचं वेळापत्रक कळावं.

परिणाम काय झाला? आठवड्याभरात सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "मीनल, इरा 'मी आलो, मी जेवलो' म्हणतेय. तुम्ही कोल्हापूरला कधी जाऊन आलात?"

\*

परीक्षेच्या आधी वेडला आपल्या कामाचा आराखडा प्रोफेसरांना दाखवायचा होता. हे प्रोफेसर इथलेच. पन्नाशीचे, कमी बोलणारे, आपल्या क्षेत्रातलं मोठं नाव. वेड त्यांना इतका घाबरायचा, की त्यांच्या खोलीवरून जातानाही शर्ट नीट करायचा. त्यांचं प्रत्येक वाक्य घरी येऊन आम्हाला सांगायचा आणि याचा अर्थ मी इथे राहणार की जाणार, असं विचारायचा.

त्या दिवशी नाचतच आला. "आलो! आराखडा मंजूर!"

"काय म्हणाले?" श्रीरंगने विचारलं.

"मी म्हटलं, मी असं असं करेन. ते म्हणाले, 'ऑल्सो कॅन.'"

श्रीरंगने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "वेड, बस. इथे 'कॅन' म्हणजे हो. 'कॅन कॅन' म्हणजे आनंदाने हो. पण 'ऑल्सो कॅन' म्हणजे याहून बरं काहीतरी तुला सुचायला हवं होतं. नाही सुचलं तर हेही कर, माझं काय जातंय?"

वेडचा चेहरा पडला. "एवढं सगळं त्या दोन शब्दांत?"

"थांब, उदाहरण देतो. मीनल, मी रविवारी मित्रांबरोबर बॅडमिंटनला जाऊ का?"

"जा ना. तुला हवं ते कर," मी म्हणाले. मी खरंच सहज म्हणाले.

"ऐकलंस? आता सांग, मला परवानगी मिळाली का?"

"हो," वेड म्हणाला.

श्रीरंग फक्त हसला. वेडने माझ्याकडे पाहिलं, श्रीरंगकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत गेलं.

"अच्छा! म्हणजे प्रोफेसर तुझ्या बायकोसारखे आहेत!"

"हळू बोल," श्रीरंग म्हणाला.

वेडने सगळा आराखडा पहिल्यापासून नव्याने केला. या वेळी "कॅन कॅन" मिळालं. श्रीरंग रविवारी घरीच होता.

\*

परीक्षा जवळ आली तसा मुलगा वाळायला लागला. केलेलं थालीपीठ ताटात तसंच राहायचं. एकदा मी चिडून म्हणाले, "अरे, परीक्षा तुझी आहे, थालीपीठाने काय घोडं मारलंय?" घोडं कोणाचं, हे विचारण्याइतकीही उमेद त्याला राहिली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

शेवटी आम्ही घरातच खोटी परीक्षा घ्यायची ठरवली. डायनिंग टेबलापलीकडे तीन परीक्षक बसले. श्रीरंग, मी आणि मध्यभागी अध्यक्ष म्हणून इरा. तिने माझा ब्लेझर घातला होता.

श्रीरंगने दोन प्रश्न विचारले, वेडने उत्तरं दिली. चांगली दिली असावीत, मला काही कळलं नाही. मग अध्यक्षांनी विचारलं, "मुळांना अंधारात खाली कुठे जायचं ते कसं कळतं?"

हे त्याला यायला हवं होतं. आलंही. पण पुढे इराने विचारलं, "आणि कंटाळा आला तर?"

वेड बोलायला लागला. थांबेचना! मातीतला ओलावा, खनिजं, पेशी, गुरुत्वाकर्षण. कान लाल झाले, घाम फुटला, तरी वाक्यामागून वाक्यं चालूच. त्याची खरी अडचण आम्हाला तेव्हा दिसली. उत्तर येत नसलं की त्याला गप्प बसता येत नव्हतं. येत नाही म्हटलं की घरी पाठवतील, असं त्याने डोक्यात घेतलं होतं.

इराने हात वर केला. "वेडदादा, यू डोंट नो, जस्ट से डोंट नो लाह."

"आणि मग?"

"मग नेक्स्ट क्वेश्चन."

त्याने ते वहीत लिहूनही घेतलं नाही. निकाल काय, असं विचारलं. इराने श्रीरंगच्या कानात काहीतरी सांगितलं. श्रीरंगने मला सांगितलं. मग अध्यक्ष ब्लेझर सावरत म्हणाल्या, "फेल. पण तू इथेच राहा."

\*

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वेड लवकर घरी आला. "आलो" म्हणाला नाही. चपला स्टँडवर नीट लावल्या आणि तिथेच उभा राहून म्हणाला, "ते मला घरी पाठवतायत."

"कोण?"

"प्रोफेसर. उद्या. परीक्षा झाली की."

श्रीरंग ताडकन उठला. "परीक्षेआधीच ठरवलं? असं कसं? मी फोन करतो त्यांना."

"नको! त्यांनी आज स्वतः सांगितलं. फार प्रेमाने सांगितलं. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जायचं कसं याची काळजी करू नकोस, ते मी बघतो. प्लीज, फोन करू नकोस. उद्याचा एक दिवस मला नीट वागू दे."

"बघा, काय शिस्तीचा देश आहे," मी म्हणाले. "हाकलतानासुद्धा व्यवस्था स्वतः करतात!" बोलून गेले आणि माझं मलाच वाईट वाटलं.

रात्रीचं जेवण कोणालाच गेलं नाही. वेडने बॅगा भरायला काढल्या. इरा गेली आणि उघड्या बॅगेत मांडी घालून बसली. "कॅनॉट क्लोज," म्हणाली. "सी? कॅनॉट." एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी तिला कोणीच ऊठ म्हणालं नाही.

"आईला कळवलंस?" मी विचारलं.

"विमानात बसल्यावर कळवेन. तोपर्यंत तिला छान झोपू दे."

सकाळी बॅगा श्रीरंगच्या ऑफिसात नेऊन ठेवायच्या होत्या, परीक्षा झाली की तिथूनच निघायचं म्हणून. दारात मी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. त्याने ती बघितली.

"हे परीक्षेसाठी की प्रवासासाठी?"

"दोन्हीला चालतं," मी म्हणाले आणि आत निघून गेले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर निघून त्यांच्या इमारतीच्या पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले. दोन मोठ्या बॅगा, एक पाठीवरची आणि मी दिलेली थालीपीठांची पिशवी. श्रीरंग इराला घेऊन घरी थांबला होता. तिला इथे आणायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

वेड लिफ्टमधून बाहेर आला. चेहरा असा, की काही समजेना.

"काय झालं रे?"

"पास झालो."

"काय?"

"पास. म्हटलं, आता जायचंच आहे तर उगाच बडबड कशाला? जे येत होतं ते सांगितलं. जे येत नव्हतं त्याला येत नाही म्हणालो. तिघांनीही हात मिळवले."

"अरे, मग या बॅगा?"

"माहीत नाही." तो बॅगांकडे बघत राहिला. "पास करून पाठवत असतील. इथली पद्धत असेल."

तेवढ्यात पोर्चमध्ये एक पांढरी गाडी येऊन थांबली. प्रोफेसर स्वतः चालवत होते. खाली उतरले, डिकी उघडली आणि बॅगा बघून जागच्या जागी थांबले.

"वाह! यू शिफ्टिंग हाउस, इज इट?"

"सर," वेड म्हणाला. "सर, काल तुम्हीच म्हणालात. परीक्षा झाली की, आय सेंड यू होम."

"येस लाह! एक्झाम फिनिश लेट, यू सो टायर्ड, टेक एमआरटी फॉर व्हॉट? आय गॉट कार, आय सेंड यू होम." त्यांनी एक बॅग उचलून बघितली. "वाह, सो हेवी!"

पाठवणं नव्हे, घरी सोडणं! मी तोंडावर हात ठेवला. प्रोफेसरांनी एकेक करून सगळ्या बॅगा डिकीत टाकल्या, थालीपीठांची पिशवी माझ्या हातात परत दिली, मला मागच्या सीटवर बसवलं आणि वेडसाठी पुढचं दार उघडून धरलं. तो बसला. गाडी सुरू झाली.

"ओके," प्रोफेसर म्हणाले. "युवर होम इज व्हेअर?"

वेडने पट्टा लावला.

"बुओना व्हिस्टा," तो म्हणाला. "मागच्या कार पार्कने घ्या, सर. पुढची लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबत नाही."